माहेरचं नाव लिहून ठेवा



गेल्या वर्षभरात तीन-चार घरांतून आम्हाला एकच प्रश्न विचारला गेला. "मावशी, आमचं घराणं मागे कुठपर्यंत जातं ते कसं शोधायचं?" विचारणारे सगळे तिशी-पस्तिशीतले, दुबई, शारजा, अबूधाबीत नोकरी करणारे. कुणाला लग्नासाठी कागद हवेत, कुणाला मुलाच्या दाखल्यासाठी, तर कुणाला नुसतीच हौस. म्हणून या वेळचा लेख या विषयावर. आजी-आजोबांनी तो वाचावा आणि नातवंडांना वाचून दाखवावा, कारण यातलं निम्मं काम एकाचं आहे आणि निम्मं दुसऱ्याचं.

आखाती इस्पितळांत आम्ही नर्सेस चारी मुलुखांतून आलेल्या असू. केरळच्या, गोव्याच्या, फिलिपीन्सच्या, आयर्लंडच्या. रात्रपाळीत चहा पिताना आयरिश मुली आपल्या पणजोबांच्या गोष्टी सांगत आणि आम्हाला नवल वाटे, की यांना इतकं मागचं ठाऊक कसं? तर त्यांच्याकडे गावच्या चर्चचं बुक. मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत बाप्तिस्मा होतो आणि पाद्री लिहून ठेवतो: तारीख, मुलाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव आणि बहुतेक वेळा आईचं माहेरचं आडनाव, शिवाय धर्मपिता-धर्ममाता कोण ते. हे धर्मपिता-धर्ममाता पुष्कळदा काका, मामा, मावशीच असतात. त्यामुळे एका ओळीत दोन घराणी सापडतात. मग त्या आईच्या माहेरच्या गावी जायचं, तिथलं बुक उघडायचं, की आणखी एक पिढी मागे.

या आयरिश लोकांवर एक मोठं संकट आलं होतं, तेही ऐका. ३० जून १९२२ रोजी, तिथल्या यादवी युद्धात, डब्लिनचं सरकारी दप्तरखाना स्फोटात आणि आगीत जळून गेलं. जुन्या जनगणनेची पुस्तकं गेली, मृत्युपत्रं गेली, आणि सांभाळण्यासाठी म्हणून तिथे आणून ठेवलेली प्रॉटेस्टंट चर्चची पुष्कळ बुकंही गेली. कॅथलिक चर्चची बुकं वाचली, कारण ती डब्लिनला नेलेलीच नव्हती. जिथली तिथे, गावच्या पाद्र्याच्या कपाटात होती. २०१५ साली त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या बुकांचे फोटो संगणकावर सर्वांना फुकट खुले केले. धडा असा, की सगळे कागद एकाच जागी ठेवू नयेत.

आमच्या गोव्याच्या मैत्रिणींचं तसंच. गाव चर्चचं बाप्तिस्म्याचं बुक आणि पोर्तुगीज काळातली जन्मनोंद, यांच्या आधारावर कितीतरी घरांनी पोर्तुगालची कागदपत्रं केली. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजी-आजोबांचा एक दाखला सापडावा म्हणून इथून सुट्टी काढून पणजीला धावलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. आणि महाराष्ट्रात २०२३ साली कुणबी नोंदींसाठी तहसील कचेऱ्यांतली जुनी मोडी दप्तरं उघडली गेली, ते तर तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द पणतूचं शिक्षण आणि नोकरी बदलू शकतो.

आता आपलं काय?

आपल्यात बाप्तिस्मा नाही. आठव्या दिवशी मुलाची सुंता होते, नाव ठेवलं जातं, एलियाहू हनाबीचं नाव घेतलं जातं, मालिदा वाटला जातो. पण त्या दिवशी कागदावर काय उरतं? फारच थोडं. मुलीच्या बारशाचं तर त्याहून कमी. आपला खरा दस्तऐवज म्हणजे केतुबा, आणि मशिदीतलं लग्नाचं रजिस्टर. (बालमित्रांनो, आपले जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत. मुंबईत सामाजी हसाजी, म्हणजे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेली शआर हारहामीम ही आपली पहिली मशीद. मस्जिद स्टेशनचं नाव तिच्यावरूनच पडलं असं आपल्यात सांगतात. इमिरातीत राहणाऱ्या मुलांचा या शब्दाने गोंधळ होतो, म्हणून खुलासा केला.)

केतुबेत काय असतं ते पाहा. वार, महिना, सृष्टीच्या आरंभापासूनचं वर्ष. गावाचं नाव. नवरा अमुक बेन अमुक, म्हणजे अमक्याचा मुलगा. नवरी अमुक बात अमुक, म्हणजे अमक्याची मुलगी. नवऱ्याने घेतलेली जबाबदारी आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. हे साक्षीदार जवळचे नातलग चालत नाहीत, तसा धर्मशास्त्राचा नियमच आहे. म्हणजे चर्चच्या बुकात जसे मामा-मावशी सापडतात तसे इथे सापडायचे नाहीत. सापडतो तो शेजारी, गावकरी, मशिदीतला मानकरी. तोही उपयोगाचा, कारण त्याच्या आडनावावरून वस्ती कळते. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नवऱ्याचा बाप आहे, नवरीचा बाप आहे. आई कुणाचीच नाही.

आणि आपला यहुदी धर्म तर चालतो आईकडून!

म्हणजे ज्या धाग्यावर सगळं अवलंबून, तोच धागा आपल्या मुख्य कागदावर नाही. प्रत्येक केतुबेतून एक बाप मिळतो, आणि आईसाठी तिच्या स्वतःच्या लग्नाची केतुबा शोधावी लागते. तिच्या आईसाठी आणखी एक. साखळीतली एक कडी हरवली की मागचं सगळं सुटलं.

हे फक्त पुस्तकी बोलणं नाही, हे वडीलधाऱ्या वाचकांना सांगायला नको. फेब्रुवारी १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बीनेटने लग्न नोंदवणाऱ्यांना हुकूम काढला. बेने इस्रायलचं कुणी लग्नाला आलं, तर आई, आईची आई, आणि शक्य तितकं मागे जाऊन चौकशी करावी. त्या घराण्यात बाहेरचं लग्न झालं होतं का, घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते का, ते पाहावं. कोकणातून आलेल्या, तेलाच्या घाण्यावर आणि शेतात राबलेल्या घरांना विचारलं गेलं, की तुमच्या पणजीचे कागद दाखवा. कुठून दाखवणार? जेरुसलेममध्ये आपले लोक रस्त्यावर बसले, उपोषणं झाली, ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटची खास बैठक भरली, आणि त्या महिन्याच्या अखेरीस रब्बीनेटने हुकुमातून 'बेने इस्रायल' हे शब्द काढले. त्या दिवसांत ज्यांची लग्नं अडकली होती, त्यांतली काही मंडळी आज हा अंक वाचत असतील. हुकूम अन्यायाचा होता, यात शंका नाही. पण त्या वेळी आपल्या हातात जे नव्हतं, ते आजही पुष्कळ घरांत नाही.

बालमित्रांनो, आता इस्पितळातली एक गंमत सांगतो. बाळ जन्मलं की नर्स त्याच्या मनगटाला नाहीतर पायाला एक पट्टी बांधते. त्यावर बाळाचं नाव नसतं, कारण नाव अजून ठेवलेलंच नसतं. बापाचंही नसतं. त्यावर आईचं नाव असतं: 'बेबी ऑफ अमुक'. चोवीस बाळं एका रांगेत रडत असली, तरी कुठलं कुणाचं हे आईच्या नावावरूनच ओळखायचं. आम्ही हजारो पट्ट्या लिहिल्या असतील. म्हणजे माणसाची जगातली पहिली नोंद आईच्या नावाने होते. मग पट्टी कापून टाकतात, आणि पुढच्या सगळ्या कागदांवर बापाचं नाव वर चढतं.

आता इथल्या एका घरची हकीकत. नावं सांगत नाही, त्यांची परवानगी घेतली आहे.

दुबईत नोकरी करणारी आपली एक मुलगी. लग्न ठरलं, मुलगा यहुदी, दुसऱ्या देशाचा. इमिरातीत आता यहुदी लग्न उघडपणे होतं. २०२० च्या करारानंतर आखाती यहुदी समाजाची संघटना २०२१ साली उभी राहिली, आणि अबूधाबीला सादियात बेटावर मशीद, चर्च आणि सिनेगॉग एकाच आवारात बांधले गेले. त्यातलं मोझेस बेन मैमून सिनेगॉग २०२३ पासून खुलं आहे. तर रब्बींनी मुलीला सौम्यपणे विचारलं, "आईची केतुबा आहे का? आजीची, म्हणजे आईच्या आईची, मिळाली तर फार बरं."

आईची केतुबा ठाण्याच्या घरी लोखंडी कपाटात होती. आजीची नव्हती. पावसाळ्यात पाणी शिरलं तेव्हा गेली, असं मामा म्हणाले. आजीचं लग्न कुठे झालं, हेही कुणाला नक्की सांगता येईना. एक म्हणे अलिबाग, एक म्हणे पेण. आजीचं माहेरचं आडनाव? तिथे सगळेच गप्प. घरात चाळीस वर्षं तिला 'आई' आणि 'आजी' म्हणत होते, आडनाव विचारतो कोण?

शेवटी कुणाला तरी आठवलं, की आजीची धाकटी चुलतबहीण रामलाला आहे, वय नव्वदीच्या पुढे. पूर्वी इथून इस्रायलला फोन लागतच नसे. निरोप द्यायचा तर मुंबईला कळवायचं, मुंबईहून तिकडे जायचं. १६ ऑगस्ट २०२० ला दोन्ही देशांच्या लाइनी एकमेकांना उघड्या झाल्या. तर या मुलीने शाब्बाथ संपल्यावर फोन लावला. म्हातारीला ऐकू कमी येत होतं, पण स्मरण शाबूत. तिने एका दमात सांगितलं: आजीचं माहेरचं आडनाव, आजीच्या आईचं नाव, त्या आईचं माहेर, लग्न कुठल्या मशिदीत झालं, हज्जान कोण होते, आणि जेवणात मटण कमी पडलं होतं ते!

त्यावरून मुंबईच्या एका नातलगाने अलिबाग तालुक्यातल्या त्या मशिदीत जाऊन विचारणा केली. जुनं रजिस्टर निघालं. नोंद होती. नवरा, नवरी, दोघांचे बाप, आडनावं, दोन साक्षीदार, तारीख. मग गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात आजीच्या भावाचं नाव मिळालं, जातीच्या रकान्यात 'बेने इस्रायल'. पुढे कबरस्तानात पणजीचा दगड सापडला, वर हिब्रू, खाली मराठी. त्यावर अमक्याची पत्नी एवढंच. तिचं माहेर दगडावर नव्हतं, रजिस्टरात नव्हतं, शाळेत नव्हतं. ते फक्त रामलाच्या म्हातारीच्या तोंडी होतं.

कागद रब्बींना पटले, लग्न झालं. म्हातारी पुढच्या पेसाहच्या आधी वारली. फोन सहा महिने उशिरा झाला असता तर? त्या मुलीनेच हा प्रश्न आम्हाला विचारला. म्हणून हा लेख.

आता कामाचं बोलू. शोधायचं झालं तर कुठून सुरुवात करायची?

पहिलं, आडनाव. आपली शंभराहून जास्त आडनावं गावांवरून आलेली आहेत. पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे, किहीमकर किहीमचे, नवगावकर नवगावचे, दिवेकर दिव्याचे, झिराडकर झिराडचे. आडनाव म्हणजे पत्त्याची पहिली ओळ. हायम सॅम्युएल किहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, त्यात ही आडनावं आणि गावं आहेत. ते लिखाण १८९७ साली पुरं झालं आणि छापलं गेलं १९३७ साली, तेल अवीवला, किहीमकर वारल्यावर जवळजवळ तीस वर्षांनी. कागद थांबू शकतो. म्हातारी माणसं थांबत नाहीत.

दुसरं, मशिदीचं रजिस्टर आणि केतुबा. त्याबरोबर हश्काबाची यादी, म्हणजे घरच्या मृतांची नावं. ती पुष्कळ घरांत वहीत किंवा सिद्दूरच्या कोऱ्या पानावर लिहिलेली असते. सिद्दूरची पहिली आणि शेवटची पानं नक्की पाहा.

तिसरं, कबरीचा दगड. कुणी कोकणात जाणार असेल तर त्याला फोटो काढून आणायला सांगा. सकाळी किंवा संध्याकाळी काढावा, तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात.

चौथं, शाळा सोडल्याचा दाखला, गावचं जन्म-मृत्यूचं बुक, नोकरीचं सर्व्हिस बुक. जुन्या दप्तरांत आपल्याला 'शनवार तेली'ही म्हटलेलं सापडेल, कारण आपण शनिवारी घाणा बंद ठेवायचो. ते वाचून 'हे आपले नव्हेत' म्हणून पान उलटू नका. नावांचंही तसंच. सॅम्युएलचा सामाजी, इझिकिएलचा हसाजी, बेंजामिनचा बनाजी. एकच माणूस केतुबेत एका नावाने आणि सरकारी कागदावर दुसऱ्या नावाने असू शकतो.

बालमित्रांनो, एक गणित शिका. दगडावरचं यहुदी साल कसं वाचायचं? हिब्रूत अक्षरांनाच किंमत असते. ताव म्हणजे ४००, शीन म्हणजे ३००, हेत म्हणजे ८. तिन्ही मिळून ७०८. वरचे पाच हजार पुष्कळदा लिहीत नाहीत, ते आपण धरायचे. झाले ५७०८. त्यातून ३७६० वजा करा. आलं १९४८, इस्रायलच्या स्थापनेचं साल! फक्त तारीख रोश हशानापासून डिसेंबरअखेरपर्यंतची असेल तर ३७६१ वजा करायचे. म्हणजे ५७०८ चा हनुक्का १९४७ च्या डिसेंबरात. आणि जुन्या मराठी कागदावर शके असेल तर ७८ मिळवा. शके १८७० अधिक ७८, पुन्हा १९४८. (शके गुढीपाडव्याला बदलतो, म्हणून जानेवारी ते पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे.)

पाचवं, कागद जपणं. जुनी केतुबा प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घेऊ नका. एकदा केलं की सुटत नाही आणि आत कागद खराब होतो. चिकटपट्टी लावू नका. सपाट ठेवा, घडी घालू नका. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने. मोबाइलवर फोटो काढून तो निदान दोन घरांत पाठवा, एक इथे, एक मुंबईत किंवा अश्दोदला. डब्लिनची आग आठवा.

सहावं, इथल्या तरुण जोडप्यांसाठी. मशिदीत लग्न झालं तरी सरकारी विवाह नोंदणी लगेच करून घ्या, आणि दाखल्यावर अटेस्टेशनचे शिक्के बाळ होण्याआधीच उमटवून ठेवा. बाळंतपण झाल्यावर विवाहाच्या कागदासाठी धावणारे बाप आम्ही कितीतरी पाहिले. बाळ इथे झालं आणि भारतीय पासपोर्ट हवा असेल, तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्म नोंदवायला विसरू नका.

काही तरुण मंडळी म्हणतात, "मावशी, आता रक्ताची तपासणी असते, कागद कशाला?" खरं आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी आपल्या लोकांच्या जनुकांचा अभ्यास छापला, त्यात मध्यपूर्वेतले यहुदी आणि भारतीय असे दोन्ही धागे निघाले. वाचून आम्हाला आनंद झाला. पण त्या तपासणीत पणजीचं नाव येत नाही. तिचं माहेर येत नाही. ती कुठल्या मशिदीत उभी राहिली ते येत नाही.

म्हणून या वेळचा गृहपाठ, लहानांना आणि मोठ्यांनाही. एक कोरा कागद घ्या. वरून खाली चार बायका लिहा: आई, आईची आई, तिची आई, तिची आई. प्रत्येकीपुढे हे लिहा: सासरचं नाव, माहेरचं नाव, हिब्रू नाव, गाव, लग्नाची मशीद, साल, कुठे पुरलं. जिथे ठाऊक नाही तिथे जागा मोकळी ठेवा. अंदाजाने भरू नका. मग घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईला फोन लावा. तिला वंशावळ विचारू नका, तिला कंटाळा येईल. तिच्या लग्नात कोण कोण आलं होतं ते विचारा. मामा कुठून आले, कुणी बांगड्या भरल्या, मालिदा कुणी केला. माहेर आपोआप बाहेर येईल.

आणि आज्यांनो, तुम्ही वाट पाहू नका. विचारायला कुणी येवो न येवो, तुमची आणि तुमच्या आईची नावं लिहून ठेवा. मराठीत लिहा, अक्षर कसंही असो. वाचणारा वाचून घेईल.

ज्यांचा चार बायकांचा कागद पुरा होईल त्यांनी संपादकांकडे कळवावे. अडलं तर आम्हाला विचारा, जमेल तेवढी मदत करू.